जाळ्याची राखण

1951 सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या 10 तारखेस अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या एंगलवुड ह्या लहानशा शहराच्या नगराध्यक्षांनी आपल्या टेलिफोनवर दहा आकडे फिरवले. सुमारे 18 सेकंदांनी, खंडाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातील अलामेडा शहराच्या नगराध्यक्षांनी आपल्या कार्यालयात टेलिफोन उचलला आणि दोघांचे बोलणे सुरू झाले. मध्ये एकही ऑपरेटर नव्हती. ह्याच देशात 1915 च्या जानेवारीत न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को ही शहरे प्रथम तारेने जोडली गेली, तेव्हा असे एक संभाषण जुळवून देण्यास पाच ऑपरेटर आणि 23 मिनिटे लागत असत. तीन मिनिटांच्या बोलण्यास 20 डॉलर 70 सेंट पडत.

ह्या बचतीकडे सर्वांचे लक्ष जावे हे साहजिकच होते. परंतु त्या 18 सेकंदांत आणखी एक गोष्ट घडून गेली होती. एक संभाषण देशाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, आणि वाटेत कोणाही माणसाला त्याचा पत्ता लागला नाही. मार्ग यंत्रांनी शोधला, लाइनी यंत्रांनी जोडल्या, आणि आकारणीसाठी लागणारी नोंददेखील यंत्रानेच कागदी पट्टीवर छिद्रे पाडून करून ठेवली. तोवर टेलिफोनचे जाळे माणसांच्या हातांतून जात असे. म्हणूनच जाळ्याची प्रकृती कशी आहे हेही त्या हातांना कळत असे. आता हात बाजूला झाले होते. मग जाळ्याची खबर ठेवणार कोण, हा प्रश्न उभा राहिला, आणि पुढील सत्तर वर्षे त्याची निरनिराळी उत्तरे देण्यात गेली.

जुनी व्यवस्था कशी होती ते आधी पाहिले पाहिजे. 1878 च्या जानेवारीत अमेरिकेतील न्यू हेवन येथे 21 ग्राहकांसाठी पहिले व्यापारी टेलिफोन केंद्र उघडले. त्यानंतर चारच वर्षांनी, 1882 च्या जानेवारीत, कलकत्त्याचे केंद्र 93 ग्राहकांनिशी सुरू झाले. मुंबई व मद्रास येथील केंद्रेही त्याच सुमाराची. ह्या सर्व केंद्रांचा जीव एका फळ्यात होता. प्रत्येक ग्राहकाच्या तारेचे टोक फळ्यावरील एका भोकाशी आणून बसवलेले असे. ग्राहकाने बोलावले की तेथील खूण हले, ऑपरेटर विचारणा करी, आणि दोरीच्या टोकाची खुंटी योग्य त्या भोकात खोवून दोघांना जोडून देई. गाव बाहेरचे असले तर ती पुढच्या केंद्रातील ऑपरेटरला बोलावी, ती तिच्या पुढच्या केंद्राला.

हे काम यांत्रिक वाटते, पण तसे ते नव्हते. वादळाने एखादी तार तुटली तर ऑपरेटरला ती पहिल्याच प्रयत्नात कळे. एखाद्या लाइनीवर खरखर वाढली तर तिच्या कानांना ते आधी समजे. सरळ मार्ग बंद असेल तेव्हा कोणत्या आडगावावरून जाता येते हे तिला सवयीने ठाऊक असे. लाइनी भरल्या तर ती ग्राहकाला सांगे की थांबा, जागा होताच बोलावते, आणि चिठ्ठी करून ठेवी. जाळ्याची देखरेख असे वेगळे खाते फारसे नव्हतेच; ती देखरेख त्या कामातच मिसळलेली होती. त्या कामाचा संथपणा हेही जाळ्याचे एक संरक्षण होते, ही गोष्ट तो संथपणा गेल्यावर ध्यानात आली. फळ्यापुढे बसलेली माणसे मोजकीच. त्यामुळे एका घटकेला जाळ्यात शिरणारी संभाषणेही मोजकीच.

आपोआप चालणारे केंद्र निघाले ते 1890 नंतर. कॅन्सस सिटीत प्रेतसंस्काराचा धंदा करणारे ऑल्मन स्ट्रॉजर ह्यांनी 1891 मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले. आपल्या प्रतिस्पर्ध्याशी नाते असलेली ऑपरेटर गिऱ्हाइके मुद्दाम तिकडे वळवते अशा संशयातून हा शोध लागला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, 1892 मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे त्यांच्या पद्धतीचे केंद्र सुरू झाले, आणि हिंदुस्थानात 1913-14 मध्ये सिमला येथे 700 लाइनींचे पहिले स्वयंचलित केंद्र बसले. एका गावापुरते हे ठीकच होते. यंत्र बिघडले तर त्या गावाचे टेलिफोन बंद पडत, शेजारच्या गावाला त्याची झळ लागत नसे.

अडचण उद्भवली ती गावागावांमधल्या लाइनीही यंत्रे जोडू लागली तेव्हा. दोन शहरांमधील सरळ लाइन भरलेली दिसली की यंत्र तिसऱ्या शहरावरून वाट काढी. एरवी ही फार उपयुक्त सोय. पण गर्दीच्या वेळी तीच उलटे. सरळ गेलेले संभाषण एक लाइन अडवते; वळसा घालून गेलेले दोन किंवा तीन अडवते. म्हणजे लाइनींची चणचण जेव्हा सर्वांत अधिक, नेमक्या त्याच वेळी प्रत्येक संभाषण दुप्पट-तिप्पट जागा खाऊ लागते. शिवाय एका केंद्रातील यंत्र पुढच्या केंद्राच्या उत्तराची वाट पाहत उभे राहते. पुढचे केंद्र तुंबलेले असले की मागचेही तुंबते, आणि त्याच्या मागचेही. लाइन न मिळालेला ग्राहक पुन्हा पुन्हा आकडे फिरवतो, त्याची भर वेगळीच. जत्रेच्या गावी जाणाऱ्या रस्त्यावर पुढची एक गाडी रुतावी आणि चार कोस मागे उभ्या असलेल्या गाडीवानाला कारण न कळावे, तसे हे होते. जाळे जितके भरत जाई तितकी पार पडणारी संभाषणे वाढण्याऐवजी कमी होत.

ह्यावर उपाय म्हणून अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीने 1962 मध्ये न्यूयॉर्क येथे लांब पल्ल्याच्या साऱ्या जाळ्यावर नजर ठेवणारे नियंत्रण केंद्र स्थापन केले. जे ज्ञान हजारो ऑपरेटरांच्या हातांत विखुरलेले होते ते एका दालनात गोळा करण्याचा हा प्रयत्न होता. येथील माणसे संभाषणे जोडीत नसत; कोणती जोडू द्यायची नाहीत हे ठरवीत. गर्दी वाढली की ती वळशाचे मार्ग बंद करीत. एखाद्या शहरावर वादळाचे वा भूकंपाचे संकट आले की देशभरचे आप्तेष्ट एकाच वेळी तेथे टेलिफोन करू लागतात. तेव्हा बाहेरून येणारी ही मागणी तिच्या उगमाशीच, म्हणजे तिकडच्या तिकडे दूरच्या केंद्रांत, रोखली जाई. हेतू हा की संकटात सापडलेल्या गावाला बाहेर बोलता यावे. काळजीने व्याकूळ झालेल्या माणसाला नकार देणे निष्ठुर दिसते खरे, पण सर्वांना आत येऊ दिले तर कोणाचेच बोलणे होत नाही. असा निर्णय घेण्यास त्या काळी माणूसच लागे.

भारतात हा बदल थोडा उशिरा आला. ट्रंक कॉल नोंदवून घरातील एकाने टेलिफोनपाशी ठाण मांडून बसायचे, साधा लागत नाही म्हणून अर्जंट करायचा, तोही लागत नाही म्हणून जास्तीचे पैसे मोजून लायटनिंग करायचा, हा अनुभव मुंबई-पुण्याइतकाच इंदूर, बडोदे वा दिल्ली येथील मराठी घरांतही एका पिढीने घेतला आहे. 1960 च्या नोव्हेंबर महिन्याच्या 25 तारखेस कानपूर व लखनौ ह्या शहरांमध्ये ग्राहकाने स्वतः आकडे फिरवून थेट बोलण्याची सोय झाली आणि येथेही ऑपरेटर हळूहळू मागे सरकू लागली. परदेशी यंत्रांना येथील धूळ, उष्मा आणि एकेका लाइनीवरील प्रचंड वर्दळ मानवत नसे. ती उणीव ओळखून 1984 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट ह्या संस्थेने 128 लाइनींचे खेड्यांसाठीचे केंद्र तयार केले आणि 1986 मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते पहिल्याने बसले. थंड हवेच्या यंत्राशिवाय ते चालू शके.

इकडे अमेरिकेत केंद्रांच्या पोटात संगणक शिरला होता. 1965 मध्ये न्यू जर्सीतील सकासना येथे संगणकाच्या हुकमतीखाली चालणारे पहिले मोठे केंद्र सुरू झाले. 1976 मध्ये लांब पल्ल्याच्या वाहतुकीसाठी त्याहून समर्थ यंत्र आले, आणि 1977 मध्ये नियंत्रणाचे दालन न्यूयॉर्कहून बेडमिन्स्टर येथे नव्या थाटाने उभे राहिले. आता केंद्रे आपली हकीकत आपणच परस्परांना कळवू लागली. 1984 पासून मार्ग निवडण्याची रीतही पालटली. पूर्वी केंद्रांची पाच पायऱ्यांची उतरंड असे आणि संभाषण ठरलेल्या पायऱ्यांनीच वर-खाली जाई. नव्या रीतीत दिवसाच्या वेळेप्रमाणे मार्ग बदलू लागले. पूर्व किनाऱ्यावर सकाळी नऊला कचेऱ्या उघडतात तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर सहा वाजलेले असतात आणि तिकडच्या लाइनी मोकळ्या पडलेल्या असतात. तर पूर्वेकडचीच दोन शहरे पश्चिमेचा वळसा घालून का जोडू नयेत? 1991 पर्यंत तर प्रत्येक संभाषणाच्या क्षणी कोणती वाट मोकळी आहे हे यंत्रे एकमेकांना विचारून ठरवू लागली. बेडमिन्स्टरच्या दालनातील माणसांच्या हाती अशा वेळी करण्यासारखे उरले होते ते पाहणे.

1990 सालच्या जानेवारी महिन्याच्या 15 तारखेस त्यांना जे पाहावे लागले ते टेलिफोनच्या इतिहासात अपूर्व होते. तो सोमवार होता, मार्टिन लूथर किंग ह्यांच्या स्मरणार्थ सुट्टीचा. दुपारी अडीचच्या सुमारास भिंतीवरील पडद्यांवर धोक्याच्या तांबड्या खुणा उमटू लागल्या. प्रथम थोड्या, मग देशाच्या सर्व बाजूंनी. लांब पल्ल्याची 114 केंद्रे होती. ती एकामागून एक आपोआप बंद पडत, काही सेकंदांनी आपोआप सुरू होत आणि पुन्हा बंद पडत. सुमारे नऊ तास हा खेळ चालला. त्या अवधीत कंपनीच्या लांब पल्ल्याच्या संभाषणांपैकी जवळजवळ निम्मी जुळलीच नाहीत.

कारण पुढे सापडले ते विचार करण्यासारखे आहे. न्यूयॉर्कच्या एका केंद्रात किरकोळ बिघाड झाला होता. अशा वेळी काय करायचे ते त्या यंत्राला शिकवलेले होते: शेजाऱ्यांना कळवायचे की थोडा वेळ मला काही देऊ नका, चार-सहा सेकंदांत आपली घडी नीट बसवायची, आणि पुन्हा कामाला लागायचे. त्याने ते अगदी शिकवल्याप्रमाणे केले. ते सावरले आणि त्याच्याकडून संभाषणे येऊ लागली, ह्यावरून शेजारच्या केंद्रांनी ओळखले की हे पुन्हा जागे झाले. आपल्या वहीत तशी नोंद करण्यास त्यांनी घेतली. एवढ्यात, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत, त्याच केंद्राकडून दुसरा निरोप आला. महिन्याभरापूर्वी, 1989 च्या डिसेंबरात, सर्व केंद्रांत नवे सॉफ्टवेअर घातले होते, आणि त्यात एका आज्ञेची जागा चुकलेली होती. इतक्या थोड्या अंतराने दोन निरोप आले की नोंद बिघडे. नोंद बिघडली हे केंद्राच्या ध्यानात येई. मग तेही, शिकवल्याप्रमाणे, शेजाऱ्यांना कळवून काही सेकंदांसाठी बंद होई. सावरताच तेही निरोप पाठवू लागे, आणि त्याच्या शेजाऱ्यांची तीच गत होई.

ह्यातील एकही केंद्र मोडले नव्हते. प्रत्येकाने दुरुस्तीचाच मार्ग धरला होता, आणि दुरुस्तीच रोगासारखी पसरत गेली. जुन्या काळी एका गावचे यंत्र दुसऱ्या गावच्या यंत्रासारखे क्वचितच असे. एकाची खोड दुसऱ्यात नसे, आणि त्या विस्कळीतपणाबद्दल अभियंते सदा कुरकुर करीत. येथे 114 केंद्रांत एकच लिपी होती. म्हणून 114 केंद्रांत एकच चूक होती. बेडमिन्स्टरच्या माणसांनी नेहमीचे उपाय करून पाहिले, ते लागू पडेनात. अखेर केंद्राकेंद्रांमधील निरोपांची वर्दळच कमी करण्यात आली. निरोपांमधील अंतर वाढले, तेव्हा रात्री उशिरा जाळे शांत झाले. म्हणजे यंत्रांना थोडे सावकाश बोलायला लावावे लागले. फळ्यापुढील ऑपरेटरच्या संथपणाची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

संगणकांच्या जाळ्यालाही हा धडा निराळ्या वाटेने मिळाला होता. 1969 मध्ये सुरू झालेल्या आर्पानेट ह्या जाळ्यातील प्रत्येक ठाण्याचे यंत्र ठराविक वेळाने आपली खुशाली केंब्रिज येथील नियंत्रण केंद्रास कळवीत असे. टेलिफोन कंपनीच्या लाइनीतील दोष कंपनीच्या आधी ह्या केंद्रास कळत, आणि ‘तुमची लाइन बिघडली आहे’ असे शेकडो मैलांवरून सांगणाऱ्यांवर कंपनीच्या माणसांचा प्रथम विश्वासच बसत नसे. पण 1980 च्या ऑक्टोबर महिन्याच्या 27 तारखेस ह्याच खुशालीच्या निरोपांनी जाळे काही तास निकामी केले. एका यंत्राच्या दोषाने निरोपांचे अनुक्रमांक असे बिघडले की तीन निरोपांपैकी पहिल्यापेक्षा दुसरा नवा, दुसऱ्यापेक्षा तिसरा नवा, आणि तिसऱ्यापेक्षा पुन्हा पहिला नवा ठरू लागला. प्रत्येक यंत्र ते तिन्ही ‘ताजे’ निरोप अविश्रांत पुढे ढकलीत राहिले. शेवटी त्या निरोपांकडे दुर्लक्ष करावे अशी दुरुस्ती माणसांना यंत्रायंत्रांत करावी लागली.

आर्पानेटमधून वाढलेल्या इंटरनेटसाठी 1988 मध्ये यंत्रांची विचारपूस करण्याची एक साधी रीत ठरवण्यात आली. एसएनएमपी ह्या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. अधिक परिपूर्ण रीत तयार होईपर्यंतची ही तात्पुरती सोय होती. परिपूर्ण रीत मागे पडली आणि तात्पुरती दशकानुदशके टिकली. तात्पुरत्या वस्तूंचे दैव बहुधा असेच असते. परंतु ही रीत विचारण्यापुरतीच वापरात राहिली. यंत्राचे वर्तन बदलायचे असले की अभियंता त्या एकेका यंत्राशी जोडून घेई आणि आज्ञा हाताने टंकीत बसे. 2002 मध्ये व्हर्जिनियातील रेस्टन येथे प्रत्यक्ष जाळी चालवणारे आणि नियम लिहिणारे एकत्र बसले, तेव्हा चालवणाऱ्यांनी हेच गाऱ्हाणे मांडले: हकीकत कळते, पण बदल करण्यास हातांखेरीज साधन नाही. त्यातून 2006 मध्ये नेटकॉन्फ ही नवी रीत निघाली. साऱ्या जाळ्याचे इच्छित रूप एका ठिकाणी लिहून ठेवावे आणि यंत्रांनी ते शेकडो ठिकाणी उतरवावे, हा आजच्या स्वयंचलित व्यवस्थेचा गाभा तेथून पुढे आकाराला आला. तिचे लाभ खरे आहेत. रात्री तीन वाजता झोपेच्या अमलात एक आकडा चुकीचा टंकल्यामुळे बंद पडणाऱ्या कचेऱ्यांची संख्या तिने कमी केली आहे.

मात्र कॅनडातील रॉजर्स ह्या कंपनीची हकीकत ह्या इतिहासातून वगळता येणार नाही. ही कंपनी आपल्या जाळ्याच्या गाभ्यात सात टप्प्यांनी सुधारणा करीत होती. प्रारंभी ह्या कामातील धोका मोठा गणला होता. पाच टप्पे निर्विघ्न पार पडले, आणि धोका मोजणाऱ्या यंत्रणेने त्या यशाच्या आधारे सहाव्या टप्प्याचा धोका आपण होऊन लहान ठरवला. त्यामुळे त्यावर वरिष्ठांची जी कसून नजर पडावयाची ती पडली नाही. 8 जुलै 2022 रोजी पहाटे पावणेपाचच्या सुमारास त्या टप्प्यात मार्गांच्या माहितीला बांध घालणारी एक गाळणी काढली गेली, आणि माहितीचा लोंढा गाभ्यातील यंत्रांवर कोसळून ती बंद पडली. 1 कोटी 20 लाखांहून अधिक ग्राहकांचे टेलिफोन व इंटरनेट गेले. संकटकाळी बोलावण्याचा 911 हा क्रमांकदेखील अनेकांना लागेना.

दुरुस्तीस तरी हात कसे पोचावेत? जाळ्याच्या देखरेखीची वाट त्याच जाळ्यावरून जात होती. जाळे पडले तशी तीही पडली. नेमके काय झाले हे समजण्यास अभियंत्यांना 14 तास लागले. त्यांचे स्वतःचे टेलिफोनही बहुतांशी आपल्याच कंपनीचे, म्हणून मुके. दूरदूरच्या ठाण्यांवरील माणसांना परस्परांशी बोलता यावे ह्यासाठी इतर कंपन्यांची सिमकार्डे मिळवून ती माणसांच्या हाती त्या त्या जागी पोचवावी लागली.